जुजबंदी

सोलापूरला व्याख्यान संपलं आणि पुस्तकांच्या टेबलापाशी रांग लागली. नोव्हेंबर 2022. मी मान खाली घालून सह्या करत होते. वर नाव, खाली तारीख आणि मध्ये ठरलेली ओळ, ‘उठा, दिवस तुमचा आहे!’ त्या वर्षातलं ते माझं एकशे बारावं व्याख्यान होतं.

रांगेत खाकी गणवेशातल्या एक बाई होत्या, एसटीत कंडक्टर. त्यांच्या हातातलं पुस्तक नवं नव्हतं. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेले. त्यांनी एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. “मॅडम, पहाटे पाचला उठून पहिला तास स्वतःला द्या, असं तुम्ही लिहिलंय. माझी पहिली गाडी पाच-दहाला सुटते. साडेचारला डेपोत हजर व्हावं लागतं. आदल्या दिवशी उशिराची फेरी असली तर झोप चार तास. हा तास मी कुठून काढू? दीड वर्ष प्रयत्न केला, जमलं नाही. माझंच काही चुकतंय का?”

आवाजात तक्रार नव्हती. खरोखर विचारत होत्या. मी वर बघितलं, हसले आणि म्हणाले, “इच्छा असली की मार्ग निघतो, ताई.”

त्यांनी मान हलवली, नाव सांगितलं, मी ते लिहिलं, सही केली. पुस्तक पिशवीत ठेवताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. चूक आपलीच, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. आणि ते मी सांगितलं होतं.

त्या रात्री लॉजवर मला झोप लागली नाही. तसं तर ती आठ-दहा महिने लागतच नव्हती.

उभारी देणाऱ्या या लेखनाकडे मी कशी आले ते थोडक्यात सांगते. मी डी.एड. कॉलेजात शिकवत होते. शिक्षकभरती थांबली, मुलं येईनाशी झाली, कॉलेजं एकामागून एक बंद पडली, तसं आमचंही पडलं. घरी बसून एका पुरवणीत छोटं सदर लिहायला लागले. आपल्यासारख्या अचानक रिकाम्या झालेल्या माणसांना धीर द्यावा, एवढंच मनात होतं. त्याचं पुस्तक झालं. चाललं. दुसरं मागितलं गेलं, मग तिसरं, चौथं. व्याख्यानं आली, कंपन्यांमधली सत्रं आली, रोज सकाळी सहाला हजारो फोनवर जाणारा दोन मिनिटांचा आवाजी संदेश आला. पहिलं पुस्तक मी रडत आणि खोडत लिहिलं होतं. चौथं अडतीस दिवसांत लिहिलं आणि त्यातलं एकही वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही. त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं.

जानेवारीत एके दिवशी पहाटे गजर झाला. उठले, न्हाणीघरात गेले, गिझरच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते दाबावं की नाही हे मला ठरवता येईना. हे मी वाढवून सांगत नाही. पाणी तापवायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. गार फरशीवर अनवाणी उभी राहून मी त्या बटणाकडे बघत राहिले. किती वेळ, माहीत नाही. नवऱ्याने मागून येऊन बटण दाबलं. तांबडा दिवा लागला आणि मला रडू फुटलं. सकाळचा संदेश त्या दिवशी गेला नाही. त्यानंतर कधीच गेला नाही.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बी-बारा कमी निघालं, बाकी सगळं ठीक. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मला जायची लाज वाटत होती, हेही सांगितलं पाहिजे. लोकांना उभारी देणारी बाई स्वतःच तिथे बाकावर नंबर लावून बसलेली. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी ओढणीने चेहरा झाकून घेतला होता. पण त्या डॉक्टरबाईंनी फार शांतपणे समजावलं. बर्नआउट हा शब्द मी व्याख्यानांमधून शेकडो वेळा वापरला होता. त्याचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ राहिला आणि त्याचा निचरा झाला नाही की येणारी. तिची लक्षणं तीन सांगितली आहेत. शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही असं वाटणं. मला तिन्ही लागू होती. पण डॉक्टरांनी बोट ठेवलं ते मधल्यावर. “थकवा विश्रांतीने जातो. तुमचं मन कुठून तुटलं, ते बघायला हवं,” त्या म्हणाल्या.

त्यांनीच मला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्याबद्दल सांगितलं. नाझी जर्मनीतून लहानपणी निसटून अमेरिकेत आलेला हा मानसशास्त्रज्ञ. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःकडचे रुग्ण बघायचा आणि संध्याकाळपासून एका मोफत दवाखान्यात व्यसनात अडकलेल्या मुलांसाठी रात्र-रात्र राबायचा. तिथली तळमळीची माणसं काही महिन्यांत विझून जाताना त्याने पाहिली आणि 1974 मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्याआधी तो स्वतः विझला होता. घरच्यांना घेऊन सुटीवर निघायचं आणि याला अंथरुणातून उठवेना. मग आपल्याला काय होतंय ते तो टेपरेकॉर्डरवर बोलला आणि स्वतःचाच आवाज पेशंटचा असावा तसा ऐकत बसला.

मीही ऐकून बघितलं. फोनमध्ये माझे तीन वर्षांचे संदेश होते. पहिल्या वर्षातल्या आवाजात श्वास ऐकू येतो, मध्येच शब्द शोधणं ऐकू येतं. तिसऱ्या वर्षातली बाई कुणाशीही बोलत नव्हती. चार संदेशांनंतर मी फोन बंद केला.

कामाचा बोजा हे बर्नआउटचं एकच कारण नाही. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि मायकेल लायटर या अभ्यासकांनी सहा जागा सांगितल्या आहेत, जिथे माणूस आणि त्याचं काम यांचं बिनसतं. कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. एकशे बारा व्याख्यानं हा भार होताच. पण मी ज्यावर विश्वास ठेवणं सोडलं होतं ते रोज सकाळी सहाला सांगत होते. आणि ज्या क्षणी त्या कंडक्टरताईंनी मला विचारलं, त्या क्षणी मला ते माहीत होतं. तरी मी ते वाक्य म्हणाले.

फेब्रुवारीत मी कऱ्हाडला माहेरी आले. आईने काही विचारलं नाही. सकाळी मऊ भात-मेतकूट, दुपारी झोप, संध्याकाळी प्रीतिसंगमावर. कृष्णा-कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात तिथे कठड्यावर बसून राहायचं. दोन आठवड्यांनी आई म्हणाली, “वाचनालयात जाऊन ये. तुझ्या बाबांचं कपाट तिकडे दिलंय, लावलंय का बघ तरी.”

आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास मोठा आहे. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं. आमच्या गावातलं मी म्हणते ते इतकं जुनं नाही आणि नावाजलेलंही नाही. तुटपुंज्या अनुदानावर चालतं. दोन माणसं, एक पंखा, वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी. बाबांची पुस्तकं लागली नव्हती. मागच्या खोलीत गठ्ठे होते आणि त्या गठ्ठ्यांमध्ये सतरंजीवर तात्या बसले होते. वय सत्तरच्या पुढे. पूर्वी त्यांचा बाइंडिंगचा कारखाना होता. आता आठवड्यातून तीन दिवस येतात, वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देतात. बाबांना ओळखत होते, त्यामुळे मला अगंतुगं.

“बस. हे धर,” म्हणाले. तेवढंच.

मी काय लिहिते, काय करते, त्यांना माहीत नव्हतं. माहीत असतं तरी त्यांनी पुस्तक धरायलाच सांगितलं असतं, असं आता वाटतं.

त्या खोलीत मी पाच महिने काढले. आधी जुना पुठ्ठा सोडवायचा. मग पाठीवरची वाळलेली खळ. ती ओढून काढायची नाही, कागद फाटतो. ओल्या फडक्याने भिजवायची, थांबायचं, बोथट सुरीने हलकेच खरवडायची. तात्या खळ घरीच करत. मैदा थंड पाण्यात कालवायचा, गुठळी मोडायची, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक झाली की उतरवायची आणि चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद घातलं की पांढऱ्या खळीला निळसर झाक येते. पहिल्यांदा मी ढवळताना फोन बघितला आणि खळ बुडाशी लागली. तात्या रागावले नाहीत. टाकून दिली आणि पुन्हा मैदा मोजून दिला.

मग फर्मे सुटे करायचे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घालतात, त्याचा सोळा पानांचा एक फर्मा होतो. घडी जिथे फाटली असेल तिथे पातळ कागदाची पट्टी लावायची. फर्मे नंबरवार लावायचे. मेण घासलेला दोरा घ्यायचा आणि प्रत्येक फर्म्याच्या घडीच्या मधोमध आतून-बाहेरून ओवत एक फर्मा दुसऱ्याशी जोडत जायचं. ही जुजबंदी. अशी शिवलेली पुस्तकं टेबलावर उघडून ठेवली की सपाट पडतात, हात लावावा लागत नाही. वाचनालयांमधून बरेचदा कडेने भोकं पाडून आडवी शिलाई मारतात. काम लवकर होतं, पण समास आत जातो, पुस्तक उघडत नाही, माणूस जोर लावतो आणि पाठ मोडते. तात्यांना ते बघवत नसे. “पुस्तक वाचायला आहे का बंद ठेवायला?” म्हणायचे.

पहिले पंधरा दिवस माझ्या डोक्यात वाक्यं येत होती. दोरा ओढला की एक सुविचार तयार. इतकी वर्षं घडवलेली सवय, जे दिसेल त्यातून शिकवण काढायची. ती एकदम गेली नाही. बोटाला दाभण टोचून, पाठ अवघडून, दोऱ्याला गाठ बसून, हळूहळू कमी होत गेली. एप्रिलमध्ये एका दुपारी घड्याळात बघितलं तर साडेतीन तास झाले होते आणि मनात फक्त फर्म्यांचे आकडे होते. त्या रात्री मी नऊ तास झोपले.

एक दिवस गठ्ठ्यात माझंच पहिलं पुस्तक निघालं. पानं सुटलेली, रबर लावून एकत्र ठेवलेली. तात्यांनी उलटून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. “याला जुजबंदी नाही व्हायची,” म्हणाले. “फर्म्यांची पाठच कापून टाकलीय, गोंदाने चिकटवलंय. घडीच नाही. दोरा कशात ओवणार?” मी ते पुस्तक माझं आहे हे सांगितलं. त्यांनी पुन्हा हातात घेतलं, मागचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. “बरंच वाचलंय लोकांनी,” म्हणाले आणि त्याला कडेने शिलाई घातली. मला खूप बरं वाटलं, आणि का ते कळलं नाही.

बाबांच्या कपाटातून मात्र वेगळंच काही हाती आलं. एक जुनं इंग्रजी पुस्तक, पाठ निखळलेली. सॅम्युएल स्माइल्स, ‘सेल्फ-हेल्प’. मी लिहिते त्या प्रकारच्या सगळ्या पुस्तकांना ज्यावरून ‘सेल्फ-हेल्प’, म्हणजे स्वतःच स्वतःला मदत, हे नाव पडलं ते हे पुस्तक, 1859 चं. पहिल्याच वर्षात वीस हजार प्रती खपल्या होत्या. मी माझ्या व्याख्यानांत त्याचं नाव घ्यायचे. वाचलं नव्हतं. बांधायला घेतलं म्हणून फर्मा-फर्मा करत वाचलं आणि मग मिळेल ते त्याच्याबद्दलही वाचत गेले.

त्याच्या प्रस्तावनेत या पुस्तकाचा जन्म सांगितला आहे. इंग्लंडमधलं लीड्स, कापडगिरण्यांचं शहर. दोन-तीन गरीब तरुण ठरवतात की हिवाळ्यातल्या संध्याकाळी एकमेकांकडून शिकायचं. एकाच्या झोपडीत बसतात. माणसं वाढतात, उन्हाळा येतो, मग बागेत उघड्यावर बसतात. ज्याला थोडं येतं तो ज्याला त्याहून कमी येतं त्याला वाचायला, लिहायला, गणित करायला शिकवतो. पुन्हा हिवाळा येतो, आता जागा हवी. शहरात एक मोठी, कळकट खोली रिकामी असते, कारण कॉलऱ्याच्या साथीत तिथे तात्पुरतं रुग्णालय होतं आणि लोक अजून तिच्याकडे फिरकायला घाबरतात. ही मुलं घाबरत नाहीत. तीच भाड्याने घेतात. शंभराच्या आसपास झाल्यावर त्यांना वाटतं, कुणी तरी चार शब्द बोलायला यावं. म्हणून ती स्माइल्सला बोलावतात. 1845 मधल्या त्या बोलण्यातून पुढे हे पुस्तक झालं.

ही दोन पानं मी तीन वेळा वाचली. स्वतःच्या बळावर उभे राहा, असं जगाला सांगणारं पहिलं गाजलेलं पुस्तक निघालं कुठून, तर एकमेकांना शिकवणाऱ्या शंभर मुलांच्या खोलीतून! ते नाव पुढे स्माइल्सलाच खुपलं. लोक त्याला स्वार्थाचं कौतुक समजायला लागले, तेव्हा 1866 च्या आवृत्तीत त्याने लिहिलं की स्वतःला मदत करण्याच्या कर्तव्याचा खरा अर्थ घेतला तर त्यात शेजाऱ्याला मदत करणं येतंच. पण नाव राहिलं, खोली मागे पडली. आम्ही पुढे लिहिणाऱ्यांनी तर ती पार पुसून टाकली. मी माझ्या चार पुस्तकांत मिळून एकदाही लिहिलं नव्हतं की माणसाने मदत मागावी.

आणखी एक गोष्ट. स्माइल्स दिवसा रेल्वे कंपनीत आणि नंतर विमा संस्थेत नोकरी करायचा, लिहायचा ते रात्री. 1871 मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. अतिश्रमाने. जपानमध्ये त्याच्या पुस्तकाचा अनुवाद हातोहात जात होता, त्याच सुमाराला तो इकडे वाचायला आणि लिहायला पुन्हा पहिल्यापासून शिकत होता. नोकरी सुटली. काही वर्षं लिहिणं थांबलं. नंतर तो बरा झाला, पुस्तकं लिहिली, 1904 पर्यंत जगला. उद्योग आणि चिकाटीचा एवढा मोठा पुरस्कर्ता, त्याचं शरीर अतिश्रमाने कोसळलं, ही गोष्ट मला एकाही कार्यशाळेत कुणी सांगितली नव्हती. मला हे वाचून त्याच्याबद्दल प्रेम वाटलं. त्याच्या आजारपणाच्या खोलीत त्याला कुणी तरी अक्षर गिरवायला मदत केली असेलच ना?

ते पुस्तक मी एकटीने बांधलं. शिकंज्यात दाबून रात्रभर ठेवलं. सकाळी तात्यांनी उघडून टेबलावर टाकलं. सपाट पडलं.

पुढे काय केलं ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी काहीजण अशाच कड्यावर उभे असतील. उपचार वर्षभर चालू ठेवले, मधेच बरं वाटलं म्हणून सोडले नाहीत. पाचव्या पुस्तकासाठी घेतलेली आगाऊ रक्कम परत केली. त्यासाठी दागिना मोडावा लागला. व्याख्यानं महिन्याला दोन, त्याहून जास्त नाही. उत्पन्न पार खाली आलं, पुण्याचं भाड्याचं ऑफिस सोडलं, नवऱ्याने ओढाताण करून घर सांभाळलं. पुनर्जन्म झाला वगैरे मी म्हणणार नाही, कारण अजूनही काही सकाळी अंग जड असतं. पण मला आता पाणी तापवायचं की नाही ते ठरवता येतं, आणि बोलताना शब्द शोधावे लागतात.

पहिल्या पुस्तकातलं पहाटेच्या तासाचं प्रकरण काढून टाका, असं मी प्रकाशकांना सांगितलं. लोकांना तेच सर्वांत जास्त आवडतं, म्हणून ते तयार नव्हते. चार महिने बोलणं चाललं. शेवटी नव्या आवृत्तीतून ते गेलं आणि त्या जागी मी सोलापूरचा प्रसंग जसा घडला तसा लिहिला, माझ्या उत्तरासकट. उत्तर चुकीचं होतं आणि चार तास झोपणाऱ्या बाईचा तास तिच्या मनात नाही, ड्यूटीच्या तक्त्यात शोधायला हवा, हेही लिहिलं.

वाचनालयात आता गुरुवारी संध्याकाळी आम्ही सात-आठजण बसतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक लेखनिक, एक परिचारिका, बारावी नापास झालेला एक मुलगा, दोन गृहिणी. कुणी व्याख्यान देत नाही. परिचारिकाताई रक्तदाबाचं यंत्र कसं लावायचं ते शिकवतात, लेखनिककाका पेन्शनचे अर्ज भरायला, मुलगा फोनवरून वीजबिल भरायला. मी मुलाचं मराठी घेते. तात्या कोपऱ्यात शिवत बसतात, मध्येच चहा सांगतात.

एक गोष्ट मात्र राहून राहून लागते. त्या कंडक्टरताईंचं नाव मी माझ्या हाताने त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं. मला ते आठवत नाही. गेल्या दिवाळीत सोलापूरला गेले तेव्हा बसस्थानकावर तास-दीड तास बसले. खाकी गणवेशातल्या बाया येत-जात होत्या, हातात तिकिटाचं मशीन, खांद्याला पैशांची पिशवी. ओळखता आलं नसतं, हे मला माहीत होतं. नव्या आवृत्तीची एक प्रत पिशवीत होती. परतताना गाडीत तिकीट काढलं, तेव्हा कंडक्टर बाईच होत्या. त्यांना मी विचारलं, “ताई, आज ड्यूटी किती वाजल्यापासून?”

“पावणेपाच,” त्या म्हणाल्या, आणि शेजारची सीट रिकामी होती म्हणून पुढचा थांबा येईपर्यंत टेकल्या.